सिलिंडरची साखळी हेही तारणच

कर्ज देताना बँक तारण पाहते आणि कर्ज दिल्यानंतर त्या तारणाची वेळोवेळी तपासणी करते. यंत्रावर ‘नजरगहाण’ अशी पाटी आहे का, मालाचा साठा स्टॉक स्टेटमेंटशी जुळतो का, विम्याची मुदत संपलेली नाही ना, या गोष्टी तपासणी अहवालात नेमाने येतात. लघुउद्योगांच्या तपासणीसाठी जाताना मात्र एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते आणि तिच्यासाठी अहवालात रकाना नसतो. ती म्हणजे भिंतीला नुसता टेकवून ठेवलेला गॅसचा सिलिंडर.

आपल्या देशात घर आणि कारखाना यांच्यामध्ये अंतर असतेच असे नाही. खाली वेल्डिंगचे दुकान आणि वर बिऱ्हाड, किंवा मागच्या पडवीत गॅस कटिंगचे काम, हे चित्र राजकोटपासून कोइमतूरपर्यंत सर्वत्र आढळते. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर विखुरलेले आपले गलाई बांधवही अरुंद पेठांतील लहान खोल्यांतच काम करतात. जागेची टंचाई सर्वांनाच असते. त्यामुळे सिलिंडर जिथे कोपरा मिळेल तिथे जातो आणि हा कोपरा पुष्कळदा जिन्याखालचा असतो. वर राहणाऱ्या कुटुंबाची खाली येण्याची एकमेव वाट तीच असते, याचा विचार सहसा होत नाही.

टेकवून ठेवलेल्या सिलिंडरमध्ये एवढे भिण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. वेल्डिंगसाठी वापरला जाणारा ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर, म्हणजे काळ्या रंगाचा, सुमारे दीड मीटर उंच आणि साठ किलोंच्या आसपास वजनाचा असतो. भरलेला असताना त्यातील दाब सुमारे १५० बार असतो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब २ बारांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. पोलादी नळकांडे हा दाब सहज पेलते. नाजूक असतो तो वरचा पितळी व्हॉल्व्ह. सिलिंडर कलंडून तो व्हॉल्व्ह तुटला, तर बाहेर झेपावणाऱ्या वायूच्या जोराने सिलिंडर बाणासारखा सुटतो. विटांची भिंतही त्याला अडवीलच असे नाही.

तांबूस-तपकिरी रंगाच्या ॲसिटिलीनच्या सिलिंडरची गोष्ट निराळी आहे. त्यातील वायू ॲसिटोन या द्रवात विरघळवलेला असतो. सिलिंडर आडवा पडला, तर वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येऊ शकते. म्हणून आडवा राहिलेला सिलिंडर उभा करून काही तास तसाच ठेवावा आणि मगच वापरावा. एलपीजीचा सिलिंडर आडवा झाल्यास वायूऐवजी द्रव बाहेर पडतो आणि त्याचे आकारमान वायुरूपात सुमारे अडीचशे पट होते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो व खोलगट जागी साचतो.

कायद्याला हे सारे ठाऊक आहे. गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांनुसार एलपीजी व इतर द्रवरूप वायूंचे सिलिंडर उभे आणि धक्क्याने पडणार नाहीत असे ठेवणे बंधनकारक आहे. या नियमांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना करते. परंतु ठरावीक मर्यादेपर्यंतच्या साठ्याला परवाना लागत नाही आणि घरगुती कारखान्यातले दोन-चार सिलिंडर या मर्यादेच्या आतच असतात. परिणामी तेथे निरीक्षक क्वचितच पोहोचतो. वर्षातून एकदा-दोनदा तेथे अधिकृतपणे पाऊल ठेवणारा बाहेरचा माणूस बहुधा बँकेचा अधिकारीच असतो.

म्हणूनच हा विषय आपला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘आपण सुरक्षा निरीक्षक नव्हे’ असा आक्षेप काही सहकारी घेतील. तो तांत्रिकदृष्ट्या बरोबरही आहे. पण २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत आपण तारणाशिवाय कर्ज देतो. त्या कर्जाला पतहमी निधीचे संरक्षण मिळते, ते बँकेला. कारागिराचा हात, त्याचे डोळे आणि वरच्या मजल्यावरची त्याची मुले यांना कोणताही हमी निधी नाही. विमा नुकसान झाल्यानंतर पैसे देतो, नुकसान टाळत नाही. शिवाय विमेदाराने वाजवी काळजी घेतलेली असणे तेथेही अपेक्षित असते.

करावयाचे काय, हे अवघड नाही. भिंतीत, केवळ गिलाव्यात नव्हे, पक्के बोल्ट बसवून लोखंडी पट्टी लावावी आणि सिलिंडरला दोन साखळ्या घालाव्यात : एक खालच्या तिसऱ्या भागाच्या उंचीवर व दुसरी वरच्या. व्हॉल्व्हभोवती साखळी गुंडाळू नये. दोरी वापरू नये, कारण ती जळते. विजेच्या किंवा पाण्याच्या पाइपाला सिलिंडर बांधू नये. जोडीने हलवावे लागणारे सिलिंडर साखळी असलेल्या ट्रॉलीवरच ठेवावेत. रेग्युलेटर काढला की टोपी चढवावी. रिकामा सिलिंडरही बांधावा, कारण तो पूर्ण रिकामा कधीच नसतो. साठवणीतला ऑक्सिजन व ज्वलनशील वायू यांच्यात पुरेसे अंतर किंवा भिंत असावी. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल-ग्रीस लावू नये. आणि सिलिंडर जिन्याखाली ठेवू नये.

‘रोज सिलिंडर बदलावे लागतात, साखळी काढत-घालत कोण बसणार?’ ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. साध्या हुकाची साखळी काढायला अर्धा मिनिट पुरतो. ‘इतक्या वर्षांत काही झाले नाही’ हे म्हणणे तर हप्ता कधी न चुकलेल्या कर्जदाराने विमा बंद करावा, तसे आहे.

बँकेकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. पहिली, वेल्डिंग वा गलाईच्या साधनांचे कोटेशन येईल तेव्हा पट्टी, साखळ्या, ट्रॉली आणि ज्योत उलट जाऊ न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर यांचा खर्च प्रकल्प खर्चातच धरावा. साखळ्या व बोल्ट यांचा खर्च काही शेकड्यांतच असतो. दुसरी, तपासणी अहवालात ‘सिलिंडर बांधलेले आहेत काय?’ हा एक प्रश्न यावा. उत्तर नकारार्थी असल्यास कर्ज अडवू नये, ग्राहकाला समजावून सांगावे व पुढील भेटीत पुन्हा पाहावे.

ग्राहकांना विनंती एवढीच, की अधिकाऱ्याच्या भेटीची वाट पाहू नये. आज दुकान बंद करण्यापूर्वी सिलिंडर मोजावेत आणि जेवढे सिलिंडर, तेवढे बांधलेले आहेत याची खात्री करूनच वर घरी जावे.