दणका एकाला, डोकेदुखी सगळ्यांना

होम थिएटर घ्यायचं ठरलं की घरात चर्चा होते ती वॅटची आणि किमतीची. दुकानात पुरुषमंडळी पुढे, आपण मागे. सोफ्यावरची मधली जागा कुणाची, हे न सांगताच ठरलेलं असतं. सासूबाई भिंतीलगतच्या दिवाणावर, मुलं सतरंजीवर आणि आपण स्वयंपाकघराच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत, एक कान कुकरच्या शिट्टीकडे. सिनेमा एकच, पण प्रत्येकाला वेगळा ऐकू येतो. कुणाच्या छातीत धडधडतं, तर कुणाला ढोल वाजला हेही कळत नाही.

हा कानांचा दोष नव्हे आणि बऱ्याचदा यंत्राचाही नव्हे. दोष खोलीचा. सबवूफर म्हणजे खर्जातला आवाज काढणारा डबा. या आवाजाच्या लाटा लांबलचक असतात. ४० हर्ट्झची एक लाट जवळपास २८ फुटांची, आणि आपला हॉल १५ फुटांचा! मग लाटा भिंतींवर आपटून परततात, एकमेकींत मिसळतात. कुठे जोर धरतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. भिंतीलगत बसणाऱ्याला नुसतं घुमतं, मधल्याला पोकळ वाटतं. अशा वेळी आवाज वाढवून काय होणार? भाजीत मीठ नीट मिसळलं नसेल तर आपण आणखी मीठ घालतो का?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. खर्च करायचाच असेल तर एका अजस्र डब्याऐवजी दोन मध्यम, एकसारखे डबे घ्यावेत. एक पुढच्या भिंतीच्या मध्याशी, दुसरा त्याच्या समोर, मागच्या भिंतीच्या मध्याशी. सबवूफर किती पुरेत, हा प्रश्न हर्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये तपासला. आयताकृती खोलीत असे दोन ठेवले तरी सगळ्या बैठकींवर आवाज बराच सारखा होतो आणि चारांपलीकडे फारसा फायदा नाही, असं त्यांना आढळलं.

दोन डबे म्हणजे झाडताना दोन अडथळे, दोन वायरी, हे खरंच. शिवाय खर्ज भिंतीपलीकडे शेजारीही जातो. तेव्हा दुसरा डबा आला की दोघांचाही आवाज कमी करायचा. तो दणका वाढवायला नाही, वाटून द्यायला आणलेला असतो.

दुसरा परवडत नसेल तर एक बिनपैशाचा उपाय आहे. डबा थोडा वेळ बसायच्या जागी ठेवा, ढोलाचं गाणं लावा आणि भिंतीकडेने चक्क रांगत फिरा. जिथे ठोका स्वच्छ, सारखा ऐकू येईल तिथे डबा ठेवा. मुलं हसतील, हसू देत!

एवढी मोठी वस्तू घरात येते, तिचे हप्ते घरखर्चातूनच जातात. मग ती एकाच खुर्चीसाठी का लावायची? दुकानात जाताना हॉलचं माप लिहून न्या आणि कोण कुठे बसतं तेही. त्या यादीत स्वतःचं नाव लिहायला मात्र विसरू नका.