तिकीट कोण देतो?

निवडणूक लागली की ताडीवाला रोडपासून बोपोडीपर्यंत वस्त्यावस्त्यांत एकच सवाल: तिकीट कुणाला? तिकीट देणारा कोण आणि त्याला कुणी नेमला, हे कुणी विचारत नाही. धन्याला सवाल करायचा नसतो ही सवय हाडामांसात मुरलीय.

हा सवाल याच पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात लढवला गेला. 24 सप्टेंबर 1932. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक जागा 71 वरून 148 झाल्या. पण त्या करारात एक कलम होतं: राखीव जागेसाठी आधी आपल्याच मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग सगळ्यांनी मिळून त्यांतला एक. मेख इथंच होती. आपण पहिला ठरवलेला शेवटी पडू शकत होता, अन् चौथा सवर्ण मतांवर निवडून येऊ शकत होता. म्हणून तर 1946 साली फेडरेशननं पुण्यातच त्या कराराविरुद्ध सत्याग्रह केला.

आज ते चार निवडणंही उरलेलं नाही. राखीव जागेवर कोण उभा राहील, ते श्रेष्ठी ठरवतात. आपल्या वाट्याला येतं फक्त बटण.

आणि श्रेष्ठींना कोण निवडतं? काँग्रेसमध्ये 2022 साली अध्यक्षासाठी मतदान झालं. दोन दशकांनी. एवढ्या मोठ्या देशातल्या एवढ्या जुन्या पक्षात मतं पडली 9385. खर्गे जिंकले, चांगलं झालं. पण ती मतं प्रतिनिधींची होती. वस्तीतल्या सभासदाला कुणी विचारलं नाही. भाजपचे नड्डा 2020 साली बिनविरोध आले. शरद पवारांनी 2 मे 2023 ला अध्यक्षपद सोडलं, तीन दिवसांत परत घेतलं. सभासदांचं मत घ्यायची गरज कुणाला वाटली नाही. शिवसेना फुटली तेव्हा पक्ष कुणाचा, हे फेब्रुवारी 2023 मध्ये निवडणूक आयोगानं आमदार-खासदारांची डोकी मोजून ठरवलं. राष्ट्रवादीचंही 2024 साली तेच. शिवसैनिक अन् कार्यकर्ता हिशेबातच नाही. कायदाही हात झटकतो: घटनेशी निष्ठा लिहून दिली की पक्षाची नोंदणी होते, पण आतली निवडणूक खोटी म्हणून ती नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही.

वाडे त्यांचे, गाद्या त्यांच्या. ठीक. पण मित्रांनो, आपल्या घरात काय चाललंय?

3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. दोन वर्षांत दुरुस्त आणि नादुरुस्त. पँथर 1972 ला आली, 1974 ला फुटली, 1977 ला बरखास्तीची घोषणा झाली. 1998 साली ऐक्याच्या जोरावर चार रिपब्लिकन खासदार खुल्या जागांवरून दिल्लीला गेले. वर्षभरात ऐक्याच्या चिंध्या. प्रत्येक फुटीला तत्त्वाचं नाव दिलं. पण एकाही फुटीचा निकाल सभासदांच्या मतपेटीतून लागला नाही. नेते भांडले, पत्रकं निघाली, आणि पोस्टर चिकटवणारा पोरगा सकाळी उठून शोधत बसला, आपण आता कुठल्या गटात?

जिथं सभासदांची यादीच नाही, तिथं पुढारी विकत घेणं सोपं जातं. एक माणूस फोडला की चळवळ फुटते. प्रस्थापितांना हे आपल्याआधी कळलं.

याच पुण्यात, गोखले हॉलमध्ये, 18 जानेवारी 1943 ला बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत पुन्हा बजावलं, की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. आपण त्यांचाच फोटो लावून त्याखाली दुसऱ्याची भक्ती करतो. च्यायला, याला आंबेडकरवाद म्हणायचं?

म्हणून सरळ मागणी. गट कुठलाही असो, शाखेत सभासद-वही पाहिजे आणि ती कुणालाही बघता आली पाहिजे. शाखेपासून वरपर्यंत गुप्त मतदान पाहिजे. दोन मुदती झाल्या की खुर्ची खाली. वर्गणीचा हिशेब फळ्यावर. युती करायची तर आधी सभासदांना विचारा. आणि मोर्चात पुढे अन् बैठकीत सतरंजीवर मागे बसवलेल्या आमच्या बायांना अर्ध्या जागा. उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून.

यानं फाटाफूट वाढेल, असं पुढारी सांगतील. मतपेटी नव्हती तेव्हा काय कमी फुटलो?

पुढच्या सभेत हार घालायच्या आधी हात वर करा आणि विचारा: साहेब, तुम्हाला निवडलं कुणी?

जय भीम!