ढिगारा उपसण्याआधी फोटो काढा!

पर्लकोटेचा पूर ओसरला की भामरागडचा रस्ता सुरू होतो. पण पडक्या घरांचे पंचनामे एका दिवसात होत नाहीत. तोवर घरचे माती उपसून मोकळे होतात, आणि तलाठ्याला दाखवायला उरतं काय? आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या कच्च्या घराला ४ हजार, पूर्ण पडलं तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. केवढा हा फरक! म्हणून सुटीत गावी असाल तर चारही बाजूंचे, तारीख-लोकेशनसकट फोटो काढा. नमुना ८, आधार, पासबुकच्या झेरॉक्स काढून ठेवा. आजीचा अंगठा घेण्याआधी पंचनामा मोठ्याने वाचा. ‘पूर्णतः’ लिहिलंय की ‘अंशतः’, ते बघा.