चोरीची गाडी गेली मालकाकडे, विकत घेणाऱ्याच्या पैशाचं काय?

पोलीस ठाण्याच्या आवारात दहा-पंधरा मोटारसायकली ओळीने लावलेल्या, मागे अधिकारी-कर्मचारी उभे आणि वर मथळा, 'सराईत चोरटा जेरबंद, लाखोंचा मुद्देमाल हस्तगत'. असा फोटो आपल्या भागातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थोड्या-थोड्या दिवसांनी फिरतो. तपास करणाऱ्यांचं कौतुक होतं आणि ते व्हायलाच पाहिजे. मात्र त्या ओळीतल्या सगळ्याच गाड्या चोराच्या घरात सापडलेल्या नसतात. काही गाड्या कुणाच्या तरी गोठ्यासमोरून, रोज दूध घालायला जाणाऱ्या माणसाकडून आणलेल्या असतात. त्याने त्या गाडीचे रोख पैसे मोजलेले असतात. चोर पकडला, मालकाला गाडी मिळाली, बातमी संपली. पैसे मोजणारा मात्र कुठल्याच बातमीत येत नाही.

त्याची पहिली समजूत अशी असते की, 'मी पैसे देऊन घेतली, माझ्याकडे पावती आहे, मग गाडी माझीच.' कायदा असं मानत नाही. १९३० चा माल विक्री कायदा आजही लागू आहे. त्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याची मालकी नसेल तर घेणाऱ्यालाही मालकी मिळत नाही. चोराने डीलरला विकली, डीलरने तुम्हाला विकली, मधे चार हात बदलले, प्रत्येकाने पूर्ण पैसे दिले, तरी गाडी मूळ मालकाचीच राहते. त्या मालकाने विमा कंपनीकडून चोरीची भरपाई घेतली असेल तर गाडीवर विमा कंपनी हक्क सांगते. म्हणून 'गाडी मला सोडवून द्या' या अर्जावर वकील लावून सहा महिने घालवण्यात फारसं काही हाती लागत नाही. लढायचं आहे ते पैशासाठी, आणि तेही ज्याने विकली त्याच्याशी.

इथे एक बारीक फरक आहे. गाडी चोरीला गेली असेल तर वरचा नियम लागतो. पण मालकाने स्वतःच कुणाला तरी गाडी विकली, त्याचा चेक वटला नाही आणि त्या माणसाने गाडी पुढे तुम्हाला विकली, तर गोष्ट वेगळी होते. मालकाने तो व्यवहार रद्द करण्याआधी तुम्ही प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना गाडी घेतली असेल, तर याच कायद्याचं कलम २९ तुमच्या बाजूने बोलतं. त्यामुळे पोलीस आले की सगळ्यात आधी विचारायचं, मूळ गुन्हा कोणता, कुठल्या ठाण्यात, नंबर किती. चोरीचा आहे की फसवणुकीचा, यावर पुढचं बरंच ठरतं.

आता डीलरकडे येऊ. तालुक्याच्या गावी स्टँडजवळ किंवा बायपासला 'ऑटो कन्सल्टंट', 'जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री' अशा पाट्या दिसतात. यातले बरेच जण सरळ धंदा करतात, सगळ्यांना एका मापाने मोजायचं कारण नाही. पण व्यवहाराची पद्धत बघा. कांद्याची पट्टी किंवा उसाचं बिल हातात आलं की माणूस गाडी बघायला जातो. डीलर म्हणतो, 'फायनान्सची ओढलेली गाडी आहे म्हणून स्वस्तात चाललीय. पेपर आठ दिवसांत येतील, नावावर नंतर करून देतो.' पैसे रोख. बदल्यात स्टँपवर एक करारनामा. त्यावर विकणारा म्हणून कुणाचं तरी भलतंच नाव, घेणारा म्हणून तुमचं आणि डीलरचं नाव कुठेच नाही, असलंच तर साक्षीदार म्हणून. सगळी मेख इथेच आहे. उद्या गाडी चोरीची निघाली की हाच डीलर म्हणतो, 'मी फक्त मध्ये होतो, दोन हजार कमिशन घेतलं.'

हे थांबावं म्हणून केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आता आरटीओकडून अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याचा नमुना २९ ब, मुदत पाच वर्षं. मालकाने गाडी विकायला दिली की तशी सूचना नमुना २९ क मध्ये परिवहन पोर्टलवर जायला हवी. तिथून पुढे ती गाडी विकली जाईपर्यंत डीलरच मालक मानला जातो. म्हणजे 'मी फक्त मध्ये होतो' हे म्हणायला जागाच नाही. चोरीच्या गाडीची अशी सूचना जाणार तरी कशी, कारण खरा मालक तर पोलीस ठाण्यात फिर्याद देऊन बसलेला. म्हणून दुकानात गेल्यावर टायर आणि अॅव्हरेज विचारायच्या आधी २९ ब चं प्रमाणपत्र आणि या गाडीची २९ क ची पोच विचारावी. डीलर हसला किंवा 'असं काही नसतं' म्हणाला, तर गाडी कितीही मनात भरली असली तरी मागे फिरावं. आरटीओने तालुक्यातल्या पाट्यांवर एक चक्कर मारून किती जणांकडे हे प्रमाणपत्र आहे ते बघायला हरकत नाही. नियम कागदावर राहिला तर भोगतो तो घेणारा.

'फायनान्सची ओढलेली' या वाक्याचीही खात्री करता येते. हप्ते थकले म्हणून कंपनीने गाडी ताब्यात घेतली असेल तर आरसीवर कर्जाची नोंद असते आणि कंपनीकडे लिलावाची किंवा विक्रीची कागदपत्रं असतात. कंपनी नमुना ३६ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घेऊ शकते. यातलं काहीच दाखवता येत नसेल तर ती 'ओढलेली' गाडी नेमकी कुणी ओढली, हा प्रश्न उरतोच.

खात्रीसाठी मोबाईल पुरतो. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकला की गाडीचं मॉडेल, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेत गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे नंबर, चासी नंबर आणि इंजिन नंबर टाकून तपासता येतं. पण नुसत्या पाटीवरच्या नंबरवर जाऊ नये. चोर त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीचा नंबर लावतात. काही जण अपघातात भंगार झालेल्या गाडीची खरी कागदपत्रं घेतात आणि तोच चासी नंबर चोरीच्या गाडीवर ठोकतात. अॅपवर सगळं बरोबर दिसतं. म्हणून हँडलच्या खाली मानेवर ठोकलेला चासी नंबर हाताने चाचपून बघावा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावी. अक्षरं वाकडी, आजूबाजूला घासल्याच्या खुणा, तेवढ्याच भागाला नवा रंग दिसला तर थांबावं. ओळखीचा मेस्त्री सोबत न्यावा, तो इंजिनाबरोबर हेही बघेल.

सध्या हा विषय वर येण्याचं एक कारण नव्या नंबर प्लेटचं आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, मुदतीवर मुदत मिळत गेली. प्लेट मागवताना चासी आणि इंजिनाचे आकडे द्यावे लागतात, ते नोंदीशी जुळावे लागतात. वर्षानुवर्षं नावावर न केलेली, शेतात आणि बाजाराला जाण्यापुरती वापरलेली गाडी इथे अडते. आकडे जुळले नाहीत म्हणजे गाडी चोरीचीच, असं नाही. आरसीवर चुकीचा आकडा पडल्याची उदाहरणंही असतात. पण शंका आली की मन घाबरतं आणि घाबरलेला माणूस नेमकं नको ते करतो. एक तर गाडी गपचूप डीलरला परत नेऊन देतो किंवा थोडे कमी घेऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारतो.

दोन्ही धोक्याचं आहे. माहीत नसताना घेतली तोवर तुम्ही फसवले गेलेले आहात. माहीत झाल्यावर पुढे विकली की तुम्हीच गुन्ह्यात येता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, माल लपवायला किंवा विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्यालाही आहे. त्यात एक शब्द आहे, चोरीचा आहे असं 'मानायला कारण असताना'. सत्तर हजारांची गाडी वीस हजाराला, कागद नाहीत, रात्री अंधारात ताबा, असं असेल तर 'मला माहीत नव्हतं' एवढंच म्हणून भागत नाही. उलट बाजारभावाच्या जवळपास किंमत, उघड्या दुकानातला व्यवहार आणि फोन पेने गेलेले पैसे हा प्रामाणिकपणाचा पुरावा. डीलरला परत दिली तर गाडीही गेली, पैसेही गेले आणि पुरावाही गेला. शंका आली तर लेखी अर्ज करून गाडी पोलीस ठाण्यात न्यावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

पोलीस गाडी नेतात तेव्हा पंचनाम्याची प्रत मागून घ्यावी. जबाबात कुणाकडून घेतली, कधी, किती पैसे, कसे दिले, समोर कोण होतं, हे सगळं लिहून घेतलंय का ते वाचूनच सही करावी. जबाब झाला म्हणजे आपली फिर्याद झाली, हा दुसरा मोठा गैरसमज. तो जबाब चोरीच्या गुन्ह्यात असतो, कदाचित पुण्यात किंवा पिंपरीत नोंदलेल्या. तुमची फसवणूक तुमच्या तालुक्यात झाली, तिची वेगळी तक्रार डीलरविरुद्ध द्यायची असते. व्यवहार १ जुलै २०२४ नंतरचा असेल तर कलम ३१८, आधीचा असेल तर जुनं ४२०. ठाण्यात घेतली नाही तर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही दाद नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

गुन्हा दाखल झाला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. एक तरतूद मात्र फार कमी जणांना माहीत आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९९ प्रमाणे, चोरीबद्दल किंवा चोरीचा माल घेतल्याबद्दल एखाद्याला शिक्षा झाली, त्याच्या अटकेच्या वेळी त्याच्याजवळ रोकड सापडलेली होती आणि तुम्ही अजाणतेपणी त्याच्याचकडून माल घेतला होता, तर माल मालकाला परत गेल्यावर त्या रोकडीतून तुमची किंमत देण्याचा आदेश न्यायालय करू शकतं. त्यासाठी तुम्हालाच अर्ज करावा लागतो. अर्थात खटला संपायला वर्षं लागतात आणि चोराजवळ पैसे सापडलेच पाहिजेत.

म्हणून पैशासाठी खरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. जुनी वस्तू घेणारासुद्धा ग्राहकच असतो. माल विक्री कायद्याचं कलम १४ सांगतं की विकण्याचा हक्क आपल्याला आहे, ही विकणाऱ्याची अटच असते, करारात लिहिली नसली तरी. ती मोडली तर पैसे परत मागता येतात. 'दोन वर्षं वापरली, त्याचे वजा करा' असं डीलर म्हणेल. त्याला उत्तर हेच की जी मालकी विकली तीच दिली नाही, तर किंमत कशाची घेतली? पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी. 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, आधी १९१५ वर फोन करून विचारताही येतं. कुणी म्हणेल ट्रॅक्टर किंवा छोटा हत्ती धंद्यासाठी घेतला म्हणून तुम्ही ग्राहक नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतला असेल तर कायदा त्याला ग्राहकच धरतो, तक्रारीत ते स्पष्ट लिहावं.

तक्रार लिहिताना सूर सांभाळावा लागतो. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फसवणूक, गुन्हेगारी अशा गुंतागुंतीच्या वादांचा निवाडा ग्राहक आयोगाने करायचा नाही, कारण तिथलं काम झटपट पद्धतीचं असतं. त्यामुळे 'डीलर चोरांच्या टोळीत आहे' हे पोलिसांकडच्या कागदात ठेवावं. आयोगापुढे साधं म्हणणं मांडावं, याने मला गाडी विकली, पैसे घेतले, मालकी देऊ शकला नाही, अधिकृतता नसताना धंदा केला, सेवेत कसूर केली. सोबत पैसे दिल्याचा पुरावा, पंचनामा, करारनामा. डीलरचं नाव कागदावर नसेल तर दुकानाचा फोटो, त्याच्याशी झालेले व्हॉट्सअॅप मेसेज, त्याच्या किंवा घरच्यांच्या खात्यावर गेलेले पैसे. तक्रारीची मुदत दोन वर्षं. गाडी जप्त झाली त्या दिवसापासून आपण मोजू, पण डीलर खरेदीच्या दिवसापासून मोजायला लावेल, म्हणून उशीर नको. निकाल लागूनही पैसे दिले नाहीत तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वकील हवा आणि परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जावं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

गाडीवर कर्ज काढलं असेल तर हप्ता थांबत नाही. बँकेला लेखी कळवावं, पण ते कर्ज तुमच्या नावाचं आहे, गाडी गेली म्हणून माफ होत नाही. ती रक्कम आणि व्याज आयोगातल्या मागणीत धरावं.

सगळ्यात अवघड प्रकरण असतं ते गावातल्या गावात. डीलरकडून एकाने घेतली, वर्षभर वापरली आणि शेजाऱ्याला किंवा पाहुण्याला विकली. पोलीस येतात शेजाऱ्याच्या दारात. शेजाऱ्याला डीलर माहीतही नसतो, तो पैसे मागणार ते पहिल्याकडे. पहिला धंदेवाला नाही, म्हणून ग्राहक आयोग इथे चालत नाही. कलम १४ मात्र त्यालाही लागतं, दिवाणी कोर्टात तोच देणं लागतो, मग तो प्रामाणिक असो वा नसो. भावकीतले संबंध इथेच तुटतात. यात दोघांनी एकमेकांवर तक्रार करण्याआधी मिळून पोलीस ठाण्यात जावं, पहिल्याने डीलरची पावती आणि पैसे दिल्याचा पुरावा काढून द्यावा. शेजाऱ्याचे पैसे कसे, किती हप्त्यांत फेडायचे ते दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावं आणि डीलरविरुद्धची तक्रार पहिल्याच्या नावाने आयोगात जावी, कारण डीलरचा ग्राहक तोच होता.