पातळ केस म्हणजे गुन्हा नव्हे



परवा एका लग्नात मावशी माझ्या लेकीला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वेणी आहे की उंदराची शेपटी? अंडं लाव जरा!" पोरगी रडवेली झाली आणि मी गप्प बसले. त्याचीच चीड आहे. जे अंडं आपल्या घरात येत नाही, ते मुलीच्या डोक्यावर कसं चालतं?

अंडं निदान दिसतं तरी. केराटिन बहुतेकदा लोकर, पिसं, शिंगं-खुरं यांपासून काढतात. सिल्क प्रोटीन येतं रेशीमकोशातून, आणि कोश उकळताना आतला जीव मरतो. बटाटा-कांदा टाळणाऱ्या आपण शाम्पूच्या बाटलीमागची यादी का वाचत नाही?

मुळात पातळ केस हा आजार नाही. त्यात एकेक केसच बारीक असतो. कुठल्याही लेपाने तो जाड उगवत नाही. केस गळून विरळ होत असतील तर डॉक्टरांना दाखवा. एरवी तेल थोडंच, तेही न्हाण्याआधी. जास्त तेलाने असे केस चपटे बसतात. कंडिशनर फक्त टोकांना. खांद्यापर्यंत सरळ कापले की दाट दिसतात. घट्ट वेणी नको, मुळं ओढली जातात.

केशलोच केलेल्या आर्यिका माताजींपुढे आपण भक्तीने वाकतो. मग मंदिराची पायरी उतरताच मुलीची किंमत वेणीच्या जाडीवरून का ठरवतो?

पुढच्या लग्नात मावशींना उत्तर मीच देणार आहे.