ऑपरेशन पोटाचे झाले, आग्रहाचे कोण करणार?

पोळ्यापासून सणांची जी रांग लागते, ती संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत तुटत नाही. पोळ्याला पुरण, महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, आंबील आणि पुन्हा पुरण, नवरात्रात उपासाचे पदार्थ, दसऱ्याला गोडधोड, कोजागिरीला आटवलेले दूध, दिवाळीला फराळ, भाऊबीजेला बहिणीच्या हातचे जेवण आणि तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई. 'सण आहे, एक दिवस चालते' हे वाक्य प्रत्येक वेळी खरे वाटते. पण असे एकेक दिवस जोडत गेले तर वर्षातले चार-पाच महिने सवलतीतच जातात. धडधाकट माणूस ते कसेबसे निभावून नेतो. वजन कमी करण्यासाठी ज्याने पोटाचे ऑपरेशन करून घेतले आहे, त्याला ते निभत नाही. आजचा लेख अशा माणसासाठी आहे आणि त्याच्याहून जास्त त्याच्या घरच्यांसाठी आहे.

हिंगणीसारख्या गावात असे रुग्ण किती असणार, असे कोणी विचारील. ऑपरेशन नागपूरला, पुण्याला किंवा मुंबईला होते हे खरे. पण दिवाळी गावात होते. नोकरीनिमित्त बाहेर असलेली मुले, सुना, लेकी, जावई सणाला घरी येतात आणि पोटात गडबड झाली की ऑपरेशन करणाऱ्या सर्जनकडे नाही, माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरकडे येतात. हे ऑपरेशन आता आपल्या भागाला नवलाईचे राहिलेले नाही. आपल्या विदर्भाचे नेते नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ते करून घेतले आणि पुढे जाहीरपणे त्याबद्दल बोलले. खाण्याचे शौकीन म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेल्या माणसाने ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली, याचे मला मोल वाटते. कारण आपल्याकडे बहुतेक जण ते लपवतात. 'जरा डाएट चालू आहे' एवढेच नातेवाइकांना सांगतात आणि मग आग्रहाला बळी पडतात.

या ऑपरेशनात होते काय, ते थोडक्यात पाहू. दोन प्रकार जास्त चालतात. पहिल्याला स्लीव्ह म्हणतात. त्यात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. दुसरा बायपास. त्यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्हींत भूक कमी लागते, थोडक्यात पोट भरते, मधुमेह असेल तर साखरही बरीच आटोक्यात येते. पण ऑपरेशन जठराचे होते. जिभेचे होत नाही, सवयीचे होत नाही आणि पाहुण्याच्या ताटाशी वाढपी घेऊन उभ्या असलेल्या यजमानाचे तर मुळीच होत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. अशा रुग्णाला सणात खरा धोका गोडापेक्षा आग्रहाचा आहे. आपल्याकडे पानात वाढलेले टाकणे पाप आणि नको म्हणणे हा यजमानाचा अपमान. 'जावईबापू, एवढ्याने काय होते? एक पोळी तरी घ्या' असे सासूबाई म्हणाल्या की जावयाची काय बिशाद! पण त्या जावयाच्या जठरात अर्धी वाटी जागा आहे आणि ती वरणाच्या चार घासांनी आधीच भरली आहे. वरून पोळी गेली की छातीत दाटते, तोंडाला पाणी सुटते आणि तो मागच्या अंगणात जाऊन ओकतो. यजमानीणबाईंना वाटते, स्वयंपाक बाधला. बाधला तो आग्रह.

गोडाची गोष्ट निराळी. विशेषतः बायपास झालेल्या माणसाने बासुंदी, गुलाबजाम किंवा पाकातली करंजी खाल्ली की साखर एकदम आतड्यात उतरते. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब, आडवे पडावेसे वाटणे असा प्रकार होतो. काहींना एक ते तीन तासांनी उलटाच त्रास होतो. रक्तातली साखर खाली येते, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी थोडी साखर दिली की माणूस सावरतो. पण पुढच्या वेळी हे टाळायचे असेल तर सुरुवातीचे गोडच टाळले पाहिजे.

फराळाचा धोका गोडापेक्षाही छुपा. ज्वारीची भाकर चावून खाल्ली तर चतकोरात पोट भरते. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे मात्र तोंडात विरघळून खाली सरकतात आणि पोट भरल्याची खूण देत नाहीत. गप्पा मारता मारता बशी संपते, दुसरी येते. लहान केलेल्या जठराला ओलांडून जाण्याची वाट हीच. ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षांनी वजन पुन्हा चढू लागलेल्या माणसाकडे विचारपूस करा. पंगतीतल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर चाललेले हे तोंडात टाकणेच पुष्कळदा कारण निघते.

मग खावे काय? अशा माणसाला दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती पोचली नाहीत तर चरबीबरोबर अंगातले स्नायूही झडतात, केस गळतात, अशक्तपणा येतो. म्हणून नियम एकच: पानात आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकर किंवा भात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. आपल्या शेतात सोयाबीन पिकते, पण घरात सोयावडी क्वचित शिजते. २५ ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने असतात. कोणी म्हणेल, पुरणही हरभऱ्याच्या डाळीचेच ना? खरे आहे. पण त्यात डाळीच्या बरोबरीने गूळ असतो, वर मैद्याचे किंवा कणकेचे आवरण आणि तुपाची धार. तीच डाळ घट्ट वरण, झुणका किंवा कमी तेलाची पाटवडी म्हणून खाल्ली तर कामाची. सणाचा मान राखायचा तर पुरणाचा एक चमचा जेवणाच्या शेवटी चाखावा आणि तिथेच थांबावे.

घास लहान घ्यावा, पातळ होईपर्यंत चावावा, जेवणाला वीस-पंचवीस मिनिटे द्यावीत. पंगत उठण्याची घाई असेल तर पंगतीत बसूच नये, मागाहून निवांत जेवावे. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतर अर्धा तास थांबावे आणि दिवसभरात घोट घोट करून दीड ते दोन लिटर पाणी पोटात जाईल असे पाहावे. ताक उत्तम. बाटलीतली गॅसची पेये वर्ज्य.

उपासाबद्दल बोलले की घरातली ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, तरी बोलतो. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा आणि बटाट्यावर काढणे या रुग्णाला परवडत नाही. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. निर्जळी तर करूच नये. उपास मोडवत नसेल तर दूध, दही, पनीर, थोडे शेंगदाणे यांवर भर द्यावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासच धरू नये. देवीला आपल्या लेकराची साखर उतरलेली आवडेल, असे मला वाटत नाही.

प्रवासाच्या गडबडीत गोळ्या घरी विसरतात, हेही नेहमीचेच. या ऑपरेशननंतर लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ जन्मभर घ्यावे लागतात, कारण ते शोषण्याची शरीराची ताकद कमी झालेली असते. ब-१२ कमी पडले की पायाला मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होते, आणि फार उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. शाकाहारी माणसाने तर याकडे अधिकच लक्ष द्यावे. लोह आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. लोहाची गोळी चहाबरोबर नको. वर्षातून एकदा तरी रक्त तपासून घ्यावे.

आता सर्वात महत्त्वाचे. गावात उलट्या झाल्या की आपण ग्लुकोजची बाटली लावतो. पण हे ऑपरेशन झालेल्या माणसाला कित्येक दिवस उलट्या होत असतील तर त्याच्या अंगातले ब-१ जीवनसत्त्व संपत आलेले असते. अशा वेळी आधी ब-१ चे इंजेक्शन न देता नुसते ग्लुकोज दिले तर मेंदूला इजा होऊ शकते. दोन-दोन दिसणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. म्हणून डॉक्टरांना पहिल्या वाक्यात ऑपरेशनबद्दल सांगा आणि डिस्चार्ज कार्ड पिशवीत ठेवा. पाणीही ठरत नसेल, पोटात असह्य दुखत असेल, नाडी वेगाने चालत असेल किंवा शौचाला काळे होत असेल तर सण संपण्याची वाट पाहू नका. सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालये आपल्याच जिल्ह्यात आहेत.

सणात मित्र भेटतात आणि मित्रांबरोबर खर्रा येतो. तंबाखू आणि विडी-सिगारेटपासून अशा रुग्णाने दूरच राहावे. बायपासच्या जोडावर जखम होण्याचे धूम्रपान हे एक मोठे कारण आहे. अंगदुखीवर दुकानातून आणून घेतलेल्या गोळ्याही तेच करतात, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, पण सुटीत आलेल्यांची बैठक कुठे ना कुठे बसतेच. ऑपरेशननंतर दारू फार लवकर चढते आणि व्यसन लागण्याची भीतीही वाढते.

'एवढा पैसा घालून पोट कापले, तरी पथ्य आहेच ना? मग उपयोग काय?' असे विचारणारे भेटतात. उपयोग आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो लठ्ठ रुग्णांचा अभ्यास चालला. २००७ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा ऑपरेशन केलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी आढळले. लठ्ठपणा हा आळशीपणाचा दंड नाही, तो आजार आहे. ऑपरेशन त्यावरचे साधन आहे, साधन वापरावे लागते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्याला आपण 'आज सण आहे, एक विडी ओढ' असे म्हणत नाही. मग याच माणसाला ताटावरून का छळावे?

घरच्यांना माझी विनंती अशी. पाहुणा येण्याआधीच त्याला फोनवर विचारा, काय चालते. त्याला लहान ताटली द्या, दोनदा वाढायला जाऊ नका, त्याच्या पानात किती आहे यावर चारचौघांत बोलू नका. गृहिणीचे ऑपरेशन झाले असेल तर सगळ्यांना वाढून उरलेसुरले शेवटी खाण्याची तिची सवय घरानेच मोडावी. तिला वेळेवर, पहिल्या पंगतीला बसवा. फराळाचा डबा बैठकीत उघडा ठेवू नका. संध्याकाळी पत्ते मांडण्याऐवजी सगळे मिळून अर्धा तास चालायला निघा. बोर धरणाकडचा रस्ता आहेच, फक्त जंगल व्याघ्र प्रकल्पाचे आहे, म्हणून उजेडी आणि वस्तीच्या अलीकडेच फिरा.

आणि रुग्णाने संकोच सोडावा. 'माझे पोटाचे ऑपरेशन झाले आहे, मला एवढेच चालते' हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून टाकावे. प्रेमाने वाढणाऱ्याला कारण कळले की तो वाढणे थांबवतो, असा माझा अनुभव आहे. पानावर चार घास कमी पडले म्हणून कोणाचा सण उणा होत नाही.