हवाच तर आहे!

परवा शनिवारी नगरला गेलो होतो. (हो, आता अहिल्यानगर. पण तीस वर्षं जिभेवर बसलेलं नाव वीकएंडला उतरत नाही.) बहिणीची मुलगी दीड वर्षापासून दहा मीटर एअर पिस्तूल खेळते. पॅरिसमध्ये २०२४ साली मनू भाकरने दोन ब्राँझ आणले, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये एक आणलं, आणि गावोगावच्या रेंजवर पोरांची रांग लागली. त्या रांगेत आमची भाची.

चहा घेताना तिने विचारलं, "मामा, सिलेंडर संपलाय. पंक्चरवाल्याकडे भरून मिळेल का रे?"

मी हसलो. मग हसू आवरलं, कारण प्रश्न बावळट नव्हता. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. भांडण "हवाच तर आहे, काय होतंय?" या वाक्याशी आहे. ते मी रेंजवर ऐकलंय, पालकांकडून ऐकलंय आणि एकदा स्वतःच्या तोंडूनही ऐकलंय. त्याबद्दल पुढे येतोच.

आधी आकडे. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर ८-१० बार दाब देतो. तुमच्या गाडीच्या चाकात असतो सव्वादोन बारच्या आसपास. आणि मॅच एअर पिस्तुलाच्या नळीखाली जी गोंडस सिलेंडर लटकलेली असते तिच्यात २०० बार. काही मॉडेल्समध्ये ३००. आता २०० म्हणजे किती? दहा मीटर पाण्याचा एक बार होतो. आमच्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. कळसूबाईएवढ्या उंचीचा पाइप पाण्याने भरून उभा केला तरी तळाशी १६५ बारच्या आत दाब येईल. पोरगी खांद्याच्या पिशवीत डबा आणि कंपासच्या शेजारी त्याहून जास्त घेऊन हिंडते.

ऊर्जेचा ढोबळ हिशेब करू. सिलेंडर शंभर मिलीची धरा. २०० बारची हवा एकदम मोकळी झाली तर साधारण ४००० ज्यूल. पन्नास किलोची सिमेंटची गोणी आठ मीटरवरून, म्हणजे दोन मजले उंचीवरून टाका, तेवढं. पिस्तुलाच्या एका छऱ्यात जेमतेम ५-६ ज्यूल असतात. म्हणजे ज्या टोकाला आपण सगळे घाबरतो त्या टोकापेक्षा मागची सिलेंडर कितीतरी पट ताकदवान. आणि रेंजवरची मोठी टाकी, दहा लिटरची, याच्या शंभरपट!

आता माझा गुन्हा. दोन वर्षांपूर्वी एका रेंजवर (नाव घेत नाही, चूक माझी होती) मी एका मित्राची सिलेंडर मोठ्या टाकीवरून भरली. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि थेट सिलेंडर फिरवून काढायला लागलो. मधल्या नळीत अडकलेली हवा आधी सोडायची असते, त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो, हे मला माहीत होतं. घाई होती. सिलेंडर हाताने फिरेना, म्हणून मी पक्कड घेतली. शेवटच्या आट्याला फाडकन आवाज झाला, नळी सापासारखी उसळली आणि तिच्या टोकाचं पितळी ॲडॉप्टर माझ्या मनगटाला लागलं. दोन टाके. वीतभर वर लागलं असतं तर डोळा गेला असता. बघणारे म्हणाले, "अरे, होतं असं कधीकधी." नाही हो, कधीकधी होत नाही. पायरी गाळली की होतं. सिलेंडर हाताने फिरत नाही याचा अर्थच आत दाब आहे. ती एरर मेसेज होती, आणि मी पक्कड घेऊन ती दाबून टाकली. सोमवारी ऑफिसात ज्युनियरने वॉर्निंग बंद करून कोड ढकलला तर त्याला मी अर्धा तास लेक्चर देतो!

म्हणून भाचीला मी सगळं वहीत लिहून दिलं, तेच इथे देतो. भरण्याआधी सिलेंडरवर कोरलेली तारीख बघायची. उत्पादनापासून दहा वर्षं झाली की खेळ खलास, आयएसएसएफच्या नियमातही कमाल दहा वर्षंच आहेत. सिलेंडर पिस्तुलापासून वेगळी काढायची. आटे आणि रबरी रिंग स्वच्छ कापडाने पुसायची. घरातलं मशीनचं तेल, व्हॅसलिन काहीही लावायचं नाही. हाताने पूर्ण बसवायची. मोठा व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, नजर काट्यावर. भर्रकन भरली की हवा तापते, काटा २०० दाखवतो आणि थंड झाल्यावर खाली येतो, त्यामुळे घाईचा काही फायदाही नाही. सिलेंडरवर लिहिलेल्या आकड्याला थांबायचं. मोठा व्हॉल्व्ह बंद, मधली हवा सोड, मग काढ. चेहरा आणि हात सिलेंडरच्या टोकाच्या रेषेत कधीही नाही. आणि भरलेली सिलेंडर मे महिन्यात गाडीत ठेवायची नाही: २७ अंशाला २०० असलेला दाब ६७ अंशाला सव्वादोनशेच्या पुढे जातो.

यात दोन जुगाड आहेत, त्यांच्यावर माझा विशेष राग आहे.

पहिला, वेल्डिंगवाल्याची काळी टाकी. "त्यातही दाब असतो की, भरून घे." बाबांनो, त्या काळ्या टाकीत ऑक्सिजन असतो! दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन आणि ग्रीसचा एक ठिपका एकत्र आले की ठिणगी लागतच नाही, ते आपणहून पेटतं. पिस्तुलात फक्त कोरडी हवा. पूर्णविराम.

दुसरा, ३०० बारच्या टाकीला २०० ची सिलेंडर "कशीतरी" जोडणं. ज्या इंजिनियरांनी हे जोड बनवले त्यांनी ३०० चा व्हॉल्व्ह मुद्दाम जास्त खोल केलाय, २०० चं कनेक्टर त्यात शेवटपर्यंत पोचून सील होऊच नये म्हणून. आपल्या भाषेत टाइप सेफ्टी! आणि आपण काय करतो? बाजारातून मधला ॲडॉप्टर आणून ती टाइप सेफ्टी कास्ट करून टाकतो. मग २०० ला थांबवणारं एकच यंत्र उरतं: फोनवर बोलत भरणाऱ्या माणसाचा डोळा.

पिस्तुलाचं वेगळं सांगायला हवं. सिलेंडर काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा गैरसमज. नळीत छरा असू शकतो आणि आत एका शॉटपुरती हवा शिल्लक राहू शकते. म्हणून तोंड कायम टार्गेटकडे, बोट ट्रिगरबाहेर, आणि नळीतून आरपार जाणारा सेफ्टी फ्लॅग. "रिकामंच आहे" हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याच्या हातातलं पिस्तूल भरलेलं समजावं.

"पण साहेब, हे पुण्या-मुंबईचे चोचले. छोट्या गावात पोरं उसनं पिस्तूल घेऊन खेळतात, नवी सिलेंडर कुठून आणणार?" हा युक्तिवाद मला खरंच अस्वस्थ करतो, कारण त्यात तथ्य आहे. पण बघा ना, माझा जिल्हा साखर कारखान्यांचा. १९५० च्या सुमारास प्रवरेला विखे पाटलांनी सहकारी कारखाना उभा केला, तेही गरीब शेतकऱ्यांच्या पैशातून. त्या कारखान्यांच्या बॉयलरची तपासणी होते, आणि चालवणाऱ्याला परीक्षा पास व्हावी लागते. "आम्ही खेड्यातले, आम्हाला सूट द्या" असं कोणी म्हणालं नाही. जुन्या बॉयलरचा दाब कित्येकदा २५ बारच्याही आत. इथे २०० बार, आणि हाताळणारी चौदा वर्षांची पोरगी.

आणि यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागतात कुठे? भिंतीवर एक कागद: कोणाची सिलेंडर, कोणत्या तारखेची. भरण्याचं काम एकाच शिकलेल्या माणसाकडे. एक चष्मा. नवशिक्याला सिलेंडर नसलेलं, दर शॉटला दांडा दाबून हवा भरायचं पिस्तूल चालतं, वर्षभर निशाणा त्यावरही बसतो. पैसे लागतात ते फक्त मुदत संपलेली सिलेंडर फेकायला.

ते मला कसं माहीत? भाचीला सेकंडहँड पिस्तूल मीच घेऊन दिलं होतं. परवा चहा झाल्यावर सिलेंडर उजेडात धरली. अकरा वर्षं तीन महिने. घेताना मी ग्रिप बघितली, ट्रिगर बघितला, किंमत पाडून घेतली. तारीख बघितली नाही. आणि ती पोरगी सहा महिने तिला गालाशी घेऊन फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी मी ती पूर्ण रिकामी केली आणि व्हॉल्व्ह काढून भंगारात दिली. नवी यायला महिना लागणार, पैसे पाच आकडी. तिची स्पर्धा पुढच्या रविवारी होती. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी पुण्याला निघालो तरी उघडलं नाही. बहीण म्हणाली, "एवढी एक स्पर्धा खेळू दिली असतीस. काय झालं असतं?"

बहुतेक काहीच झालं नसतं. तेच तर भांडण आहे.

असो. तुमच्या घरात, नात्यात कोणी पिस्तूल खेळत असेल तर आज संध्याकाळी एकच करा. सिलेंडर उजेडात धरा आणि तारीख वाचा.